मालवणचं सागरी अभयारण्य आणि आपण बायका

(महासंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत किनारपट्टीच्या एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या मासिक बैठकीत एखाद्या ताईने मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती.)



मला विषय दिलाय "आपला समुद्र आणि आपला वारसा". समुद्र केवढा मोठा, आणि मला दिलीत वीस मिनिटं. म्हणून मी आज फक्त आपल्या दारातल्या समुद्राबद्दल बोलणार आहे. मालवणचं सागरी अभयारण्य. इथे किनाऱ्यावरच्या दांडी, वायरी, तारकर्ली, देवबागच्या बायका आहेत, तशा कट्टा, पोईप, मसुरे, चौके या आतल्या गावांच्याही आहेत. आतल्या ताई म्हणतील, "आमका समुद्राचा काय?" त्यांच्यासाठीही माझ्याकडे काम आहे, ते शेवटी सांगते.

अभयारण्य कुठे आहे, केवढं आहे

अभयारण्य म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जंगल येतं, बिबट्या, गवा, तारेचं कुंपण. आपलं अभयारण्य पाण्यात आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी ते जाहीर झालं. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा, म्हणजे सगळ्यात जपायचा. तो सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूच्या खडकांचा भाग. बाकीचा त्याच्याभोवतीचा पट्टा. महाराष्ट्राला एवढा लांब समुद्रकिनारा, त्यातलं हे पहिलं सागरी अभयारण्य.

जाहीर होऊन इतकी वर्षं झाली, तरी आपल्यातल्या कितीतरी जणींना त्याची हद्द सांगता येणार नाही. समुद्रात पाटी नाही, कुंपण नाही. आपल्याला माहिती असते ती एकच गोष्ट, आपल्या घरात ऐकलेली. "अभयारण्य इला म्हणजे आमचो धंदो गेलो." या वाक्याकडे मी नंतर येते. ते वाक्य खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण आधी तिथे आहे काय, ते बघू.

खडक, किल्ला आणि वाट माहीत असलेली माणसं

सिंधुदुर्ग किल्ला बांधायला शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरुवात केली आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. जंजिऱ्याचा सिद्दी हाताला लागत नव्हता, गोऱ्यांची जहाजं किनाऱ्याला फिरत होती, तेव्हा महाराजांना समुद्रात स्वतःचं पक्कं ठाणं हवं होतं. बांधकामावर देखरेख होती हिरोजी इंदुलकरांची. कुरटे बेटावर सुमारे ४८ एकरांचा हा किल्ला. तटाची भिंत नागमोडी, जवळजवळ तीन किलोमीटर. पायाच्या दगडांत शिसं ओतलं. दरवाजा असा लपवलेला की होडीतून बघितलं तर भिंतच दिसते. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे, त्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा तिथे झाली असं आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो.

किल्ल्यात तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं. पाणी भरायचं काम पिढ्यान् पिढ्या बायकांच्याच डोक्यावर असायचं, म्हणून ही नावं ऐकली की मला वाटतं, ती एखाद्या बाईनेच ठेवली असणार. याला पुरावा नाही हो, माझं आपलं मत.

आता मुद्दा ऐका. किल्ल्याचं खरं रक्षण भिंतीच्याही आधी कोण करतं? भोवतीचे खडक. काही पाण्यावर दिसतात, बरेच पाण्याखाली आहेत. मोठं जहाज सरळ चालून आलं तर खडकावर आपटणार. कुठून होडी काढायची ही वाट फक्त इथल्या माणसांना ठाऊक. गाबीत, कोळी, भंडारी अशा दर्यावर्दी माणसांच्या या माहितीवर मराठ्यांचं आरमार उभं राहिलं. आजही किल्ल्यात पर्यटकांना नेणारा होडीवाला तीच वाट धरतो, हातात नकाशा न घेता. ही माहिती हा आपला वारसा आहे. किल्ल्याचे दगड जेवढे जुने, तेवढीच ही माहितीही जुनी.

आणि ज्या खडकांनी किल्ला राखला, त्याच खडकांवर आज प्रवाळ आहेत, आणि मासळीची पिल्लं त्यांच्याच आडोशाला वाढतात. म्हणून किल्ला वेगळा, मासळी वेगळी, अभयारण्य वेगळं असं नाही. सगळं एकाच खडकावर उभं आहे.

पाण्याखाली काय आहे

प्रवाळ म्हणजे काय, हे मी साध्या भाषेत सांगते. आपल्यातल्या काही जणींच्या मंगळसूत्रात पोवळं असतं. ते लाल पोवळं आपल्याकडचं नाही, पण त्याच गोतातलं. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो असतो जीव. टाचणीच्या डोक्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या अंगात एक बारीक शेवाळ राहतं. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला देतं, प्रवाळ त्याला राहायला जागा देतो. आपल्या गटासारखंच आहे, एकीने बचत टाकायची, दुसरीने कर्ज घ्यायचं, दोघींचं चालतं.

शेवाळाला ऊन लागतं, म्हणून पाणी नितळ हवं. चिखल बसला, सांडपाणी आलं, की उजेड अडतो. पाणी फार तापलं तर प्रवाळ हे शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. लवकर गार झालं तर तो सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. २०१५-१६ च्या उष्ण काळात जगभर हे झालं, आपल्या मालवणच्या प्रवाळांतही अभ्यासकांना ते दिसलं. पाणी तापणं आपल्या एका तालुक्याच्या हातात नाही. पण चिखल, सांडपाणी आणि माणसाचा पाय हे मात्र आपल्या हातात आहे.

पाय का म्हटलं? कारण दगडासारखा दिसणारा प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर वाढतो. आपल्या परडीएवढा गोळा व्हायला कित्येक वर्षं गेलेली असतात. स्नॉर्कलिंगला आलेला पाहुणा दमला की त्यावर उभा राहतो, फोटो काढतो. एक मिनिटाचा फोटो, आणि वीस वर्षांचं घर मोडलं. होडीचा नांगर त्यावर टाकला तर तेच.

तुम्ही म्हणाल, मोडलं तर मोडलं, आपल्याला त्यातून काय मिळतं? ताईंनो, खडकाच्या फटीत, शेवाळात, प्रवाळाच्या आडोशाला पिल्लं राहतात. शेवंड तिथे, तांबोशी तिथे, गोबरा तिथे. पिल्लाला लपायला जागा नाही तर मोठा मासा येणार कुठून? आपल्या पाटीतली मासळी बाजारात पोहोचायच्या किती आधी तयार व्हायला लागते, हे आपण विसरतो.

अजून एक सांगते, कारण इथे बसलेल्या कुणाच्या घरी ते असू शकतं. "इंद्रजाल" म्हणून एक जाळीसारखं काळं झाड फ्रेम करून विकतात, घरात लावलं की बाधा जाते म्हणतात. ते झाड नाही. तो समुद्रपंखा आहे, प्रवाळाचाच भाऊबंद. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो येतो, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच त्याला. बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे, तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. बाधा जाईल का ते मला माहीत नाही, पण तो घरात असला तर पोलिसांची बाधा नक्की येऊ शकते. स्टॉलवर किंवा मोबाइलवर कुणी विकत असेल तर घेऊ नका, आणि आपल्या गटाच्या स्टॉलवर तर चुकूनही ठेवू नका.

खाडी आणि कांदळ

आता थोडं आत येऊ. दक्षिणेला देवबागपाशी कर्ली नदी समुद्राला मिळते. उत्तरेला कोळंबची खाडी, त्याच्याही पुढे गड नदीची कालावल खाडी. खाडी आली की कांदळवन आलं. कांदळ, तिवर, चिपी ही झाडं आपण लहानपणापासून बघतोय. खारं पाणी पिऊन जगणारी झाडं. कांदळाची बी झाडावरच रुजते, लांब शेंगेसारखी लोंबते आणि खाली पडली की चिखलात उभी घुसते. चिपीची मुळं चिखलातून वर डोकं काढून श्वास घेतात. तिची फुलं रात्री उमलतात. पांढरी चिपी हे २०२० पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष आहे.

कांदळाची मुळं नदीतून येणारा गाळ धरून ठेवतात. गाळ खाडीत थांबला तर बाहेर किल्ल्याजवळचं पाणी नितळ राहतं आणि प्रवाळाला ऊन मिळतं. याच मुळांत कोळंबीची, काळुंद्राची पिल्लं वाढतात, कुर्ल्या बिळं करतात. उधाणाचं पाणी जोरात आलं तर बांध आणि माड फुटण्याआधी कांदळ तो मार खातो. देवबागच्या बायकांना हे मी शिकवायला नको. एका बाजूला नदी, एका बाजूला समुद्र, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. दर पावसाळ्यात तिथली घरं समुद्राकडे बघत रात्र काढतात. कांदळ तोडायला बंदी आहे, २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलंय. जमीन साफ करतो असं सांगून कुणी रात्रीत कांदळ तोडत असेल तर ते बघून गप्प बसू नका.

कासवांबद्दलही दोन शब्द. थंडीत ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत चढते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. पिल्लं निघायला दीड ते दोन महिने लागतात. एके काळी ही अंडी खाल्ली जायची, विकली जायची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाने २००२ पासून संरक्षण सुरू केलं आणि पुढे कासव बघायला येणाऱ्या पाहुण्यांमुळे तिथल्या घराघरात जेवणावळी आणि मुक्काम सुरू झाला. आपल्या जिल्ह्यातही तांबळडेग, तोंडवळी, वायंगणीच्या किनाऱ्यांवर लोक घरटी राखतात. आणि जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमासा असा संरक्षित प्राणी अडकला आणि त्याला सोडायला जाळं कापावं लागलं, तर जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई देण्याची योजना शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये आणली. सोडतानाचा फोटो लागतो. ही गोष्ट आपल्या घरच्या पुरुषांना माहीत नसेल तर आज रात्री जेवताना सांगा.

भीती कशाची आहे

आता त्या वाक्याकडे येते. "अभयारण्य इला म्हणजे आमचो धंदो गेलो."

१९८७ साली अभयारण्य जाहीर झालं आणि मच्छीमारांनी विरोध केला. ज्याचं पोट पाण्यावर, त्याला त्या पाण्यावर नकाशा काढून कुणी रेघ मारली तर तो विचारणारच. तो विरोध म्हणजे अडाणीपणा, असं कुणी म्हणालं तर मला राग येतो. रापण ओढणाऱ्या माणसाने समुद्र रिकामा केलेला नाही. रापण किनाऱ्यावरून ओढायची, अख्खी वाडी हात लावते आणि मिळालेल्या तारली-बांगड्यात सगळ्यांचा वाटा. समुद्र ओरबाडला तो मोठ्या यांत्रिक नौकांनी, बेकायदा पर्ससीनने, आणि रात्री प्रखर दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्यांनी. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली. तरी दिवे दिसतात, हे तुम्हाला माहीत आहे. लहान मच्छीमार म्हणतो, मला नियम आणि त्याला मोकळीक, हे कसं? हा प्रश्न बरोबर आहे.

पण म्हणून अभयारण्य या शब्दाकडे पाठ फिरवून बसायचं का? मला वाटतं, नाही. कायदा नीट वाचायचा. एका प्रशिक्षणात आम्हाला वन्यजीव कायद्यातली काही कलमं समजावून सांगितली, ती मी वहीत उतरवून घेतली. तीन गोष्टी तुम्हीही लिहून घ्या.

पहिली. समुद्रातल्या अभयारण्याची हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचं रक्षण करण्यासाठी पुरेसे उपाय करावेत, असं कायद्यातच लिहिलंय. १९९१ च्या दुरुस्तीत कलम २६-अ मध्ये ते आलं. म्हणजे आपण मागतोय ती दया नाही, कायद्यातली ओळ आहे.

दुसरी. अभयारण्यासाठी हक्कांची चौकशी होते तेव्हा जिल्हाधिकारी जाहीरनामा काढतात आणि लोकांनी आपला हक्क दोन महिन्यांत लेखी सांगायचा असतो. लेखी. तोंडी नाही.

तिसरी. अभयारण्याच्या सल्लागार समितीत पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी असावेत असं कलम ३३-ब सांगतं. आणि आपल्या पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत.

आता या तिन्ही गोष्टी एकत्र करून बघा. हक्क लेखी सांगायचा. होडीचं लायसन कुणाच्या नावावर? नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, भावाच्या. सोसायटीचा सभासद कोण? तोच. मग ओहोटीला खडकावर कालवं फोडायला जाणारी बाई कागदावर कुठे आहे? खाडीत कमरेएवढ्या पाण्यात तिसरे काढणारी, खुबे गोळा करणारी, पहाटे किनाऱ्यावर लिलावात मासळी घेऊन डोक्यावर पाटी घेऊन आठ-दहा गावं फिरणारी बाई कुठल्या रजिस्टरात आहे? कुठल्याच नाही. पिढ्यान् पिढ्या ती त्याच खडकावर जाते. पण कुणी विचारलं की "इथे कुणाचा हक्क आहे?", तर कागद म्हणणार, कुणाचाच नाही.

मला खरी काळजी याची वाटते. उद्या नियम कडक झाले तर होडीवाल्यांची संघटना आहे, ते मोर्चा काढतील, भरपाई मागतील, मिळवतीलही. कालवं काढणारीला कोण विचारणार? आणि नियम झालेच नाहीत, खडक मेले, खाडी बुजली, तरी पहिला घास जाणार तो तिचाच. तिच्याकडे खोल समुद्रात जायला होडी नाही. तिला फक्त तो खडक आणि ती खाडी आहे.

म्हणून आपलं नाव कागदावर आलं पाहिजे. आणि कागद लिहायची सवय आपल्याला आहे. दर महिन्याला इतिवृत्त कोण लिहितं? आपणच. बचतीचा, कर्जाचा, व्याजाचा हिशोब आपण चोख ठेवतो. मग आपल्या खडकाचा हिशोब का नाही ठेवायचा?

पैसे जपण्यातूनही मिळतात

आता कमाईचं बोलू, नाहीतर बँकेचे साहेब म्हणतील ह्या ताई फक्त मासळीच्याच गोष्टी सांगतात.

तुम्ही वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीचं नाव ऐकलं असेल. तिथे स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवनाची सफर घडवतात. कांदळाच्या जाती सांगतात, पक्षी दाखवतात. वल्हं हातात घेणं हे पुरुषाचं काम समजलं जायचं. त्या बायका शिकल्या आणि आज लोक लांबून त्यांची सफर करायला येतात. त्यांच्याकडे वेगळं असं काय होतं? खाडी होती, गट होता आणि एकमेकींची सोबत होती. हे तिन्ही आपल्याकडेही आहे.

कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजनेत खेकडा पालन, कालव पालन, शिनाण्यांचं पालन, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन असे उद्योग करता येतात आणि गटाला मोठं अनुदान मिळतं. पण अनुदान दिसलं की अर्ज, असं करू नका. कालव पालन करायचं तर पाण्याचा खारेपणा पावसाळ्यात किती उतरतो ते बघायला लागतं. खेकड्याला रोज खाद्य लागतं, राखण लागते, चोरी होते. ज्या गटाने केलंय त्यांच्याकडे जाऊन दोन दिवस बसा, तोटा कुठे झाला ते आधी विचारा, मग ठराव करा.

आणि ज्यांचं न्याहारी-निवास आहे, खानावळ आहे, त्यांना हात जोडून सांगते. पाहुणा येतो तो नितळ पाणी बघायला. आपल्याच शौचखड्ड्याचं पाणी वाळूतून झिरपून समुद्रात गेलं तर पाहुणा किती वर्षं येईल? शोषखड्डा नीट बांधा. प्लॅस्टिकची बाटली विकण्यापेक्षा माठ ठेवा, तांब्या ठेवा. थाळीत वीतभर सुरमईचं पिल्लू वाढू नका. त्या पिल्लाने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. २०२३ साली शासनाने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली आहे, त्याहून लहान मासळी पकडायची नाही. आपण विकत घेणाऱ्या बायका आहोत. लिलावात आपण पिल्लांना बोली लावली नाही तर ती पकडून आणणाऱ्याला दर मिळणार नाही. ही ताकद लहान नाही.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत काय करायचं

भाषण ऐकून टाळ्या वाजवून घरी जायचं, असं होऊ नये म्हणून पाच कामं सांगते.

एक. किनारपट्टीच्या आणि खाडीकाठच्या प्रत्येक गटाने एक वेगळी वही करावी. कोण बाई, कुठल्या खडकावर किंवा खाडीत, कुठल्या महिन्यांत, काय गोळा करते, किती वर्षांपासून. म्हाताऱ्या आयांना विचारून जागांची जुनी नावं लिहा. सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. त्याची एक प्रत ग्रामसंघाकडे आणि एक ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.

दोन. ग्रामसभेत विषय मांडा, की अभयारण्याबद्दल कुठलीही बैठक असेल तर मासळी विकणाऱ्या आणि कालवं-तिसरे काढणाऱ्या बायकांना लेखी बोलावणं यावं. ज्या ताई सरपंच, सदस्य आहेत त्यांनी सल्लागार समितीबद्दल वन विभागाला लेखी विचारावं, समिती आहे का, कोण आहे, बैठक कधी होते.

तीन. ज्यांच्या घरात होडीचा, स्नॉर्कलिंगचा धंदा आहे त्यांनी घरातच नियम करावा. प्रवाळावर पाय नाही, प्रवाळावर नांगर नाही, पाण्यातून काही उचलून आणायचं नाही. पाहुण्याला होडीत बसायच्या आधी हे सांगायचं, नंतर नाही.

चार. कुर्ली पोटाखाली अंडी घेऊन असेल तर तिला सोडायचं. बारीक तिसरे परत टाकायचे. खडकाचा एक भाग एक वर्ष तसाच ठेवून बघायचा, दुसऱ्या वर्षी कालवं मोठी मिळतात का ते वहीत लिहायचं. हा नियम सरकारचा नको, आपला असू दे. आपल्याच जुन्या बाया उधाण-भांग बघून, दिवस बघून जायच्या, रोज त्याच जागी जायच्या नाहीत.

पाच. हे आतल्या गावांच्या ताईंसाठी. गड नदीत, कर्लीत, तुमच्या व्हाळात जे पडतं ते शेवटी आमच्या खडकावर येतं. गणपतीतलं थर्माकोल, युरियाची रिकामी पोती, गुटख्याच्या पुड्या, दुकानातल्या पिशव्या. पावसाळ्याच्या आधी एक दिवस तुमचा व्हाळ साफ करा. आम्ही किनारा साफ करू. मग एक दिवस तुम्ही सगळ्या मालवणला या, आम्ही तुम्हाला किल्ल्यात नेऊ आणि साखरबावेचं पाणी बघायला लावू. जेवण आमच्याकडे.

शेवटचं एक बोलते आणि थांबते. नारळी पौर्णिमेला मालवणात किल्ल्यातला मानाचा नारळ आधी समुद्राला अर्पण होतो, मग गावाचा. आपण समुद्राला नारळ देतो ते मागण्यासाठी, की बाबा, आमची माणसं सुखरूप परत आण, पाटी भरू दे. यंदा नारळ देताना आपण त्याला काय देऊ शकतो तेही मनात धरू. आणि मग घरी येऊन ती वही उघडू. पहिलं नाव आपलं स्वतःचं लिहू.

 काही चुकलं-माकलं असेल तर चहाच्या वेळी सांगा, आणि कुणाला वही कशी आखायची ते बघायचं असेल तर आमच्या गटाची वही मी सोबत आणली आहे.